मामांची शिट्टी

आमच्या फैजपूरच्या मामांच्या घरात दोन वस्तू अशा आहेत, की त्यांना दुसऱ्या कोणी हात लावलेला मामांना खपत नाही. एक त्यांचे दाढीचे सामान आणि दुसरी पितळी शिट्टी. शिट्टी काळ्या दोऱ्यात ओवलेली असते आणि देवघराच्या खुंटीवर टांगलेली असते. पहाटे पाचाला ती खुंटीवरून निघते, मामांच्या गळ्यात जाते आणि गल्लीतल्या तालमीत वाजते. ही शिट्टी गेली साठांहून अधिक वर्षे वाजत आहे. तिच्या तालावर जोर काढलेले कित्येक जण आज आजोबा झाले आहेत. काही तर मामांनाच ‘प्रकृती सांभाळा’ म्हणून सांगतात!

२०२४ सालच्या दिवाळीला मी आजोळी गेलो, तो काही व्यायामाच्या ओढीने नव्हे. बँकेतून निवृत्त होऊन मला वर्ष झाले होते. पुण्याच्या डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा सांगून ‘आता नियमित व्यायाम हवा’ असे बजावले होते. मी आज्ञाधारक माणूस. त्याच आठवड्यात घराजवळच्या एका आरशांच्या व्यायामशाळेत वर्षाची फी एकरकमी भरली आणि मोजून अकरा दिवस गेलो. बाराव्या दिवशी पाऊस होता, तेराव्या दिवशी पाहुणे होते आणि चौदाव्या दिवसाचे कारण आता मलाच आठवत नाही. वाचकहो, हसू नका. तुमच्याही घरात अशी एखादी पावती कपाटात असेलच!

मामांनी मला ओसरीवर पाहिले आणि पहिला प्रश्न केला, “काय रे भो, पोट केवढं हे! सकाळी पाचाला उठवतो तुले.”

मामा त्र्याऐंशी वर्षांचे. त्यांना ‘नको’ म्हणण्याची माझी छाती नव्हती.

पहाटे सातपुड्याकडून गार वारा येत होता. फैजपूरच्या चहूकडे केळीचे मळे, त्यामुळे हवेत एक ओलसर गारवा असतो. तालमीचे दार कुरकुरत उघडले. आत कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती, मध्ये लाल मातीचा हौद, भिंतीशी मुद्गलांच्या जोड्या आणि एका कोपऱ्यात पुरलेला मल्लखांब. लहानपणी मी त्याला मिठी मारून घसरत खाली येत असे. हाताला एरंडेलाचा वास दिवसभर राही. सारे तेच होते. नव्हती ती माणसे. मामा, त्यांचे दोन समवयस्क स्नेही आणि पोलीसभरतीची तयारी करणारी दोन मुले. मी धरून सहा!

मामांनी शिट्टी वाजवली, “सावधान!” म्हटले आणि सूर्यनमस्कार सुरू झाले. मी चौथ्या नमस्काराला जमिनीवर आडवा झालो तो उठलोच नाही. पण एक गोष्ट खरी. त्या आरशांच्या खोलीत मी एकटा धापा टाकत असे आणि शेजारच्या माणसाचे नावही मला ठाऊक नव्हते. येथे मी आडवा होताच दोन्ही म्हातारे थांबले आणि एकाने माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या दिवशी न येण्याचे कारण मला सुचेना.

त्याच संध्याकाळी तालमीचे पंच ओसरीवर जमले. विषय नाजूक होता. एका व्यावसायिकाने तालमीची जागा भाड्याने मागितली होती. तो यंत्रे आणणार, फरशी घालणार, पंखे लावणार आणि दरमहा ठरावीक रक्कम देणार. पंचांतला एक तरुण फार सौम्यपणे बोलला, “मामा, वाईट वाटून घेऊ नका. छप्पर गळतं, विजेचं बिल वर्गणीतून भागत नाही. पाच माणसांसाठी एवढी जागा अडवून ठेवायची, तर पुढल्या पावसाळ्यात भिंतच पडेल.”

त्याचे चुकत होते असे मला वाटले नाही. बँकेत जन्म गेलेला मी. मनातल्या मनात हिशेब केला, तर तालीम वाचविण्याचा तोच एक मार्ग दिसत होता. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मले आठ दिवस द्या. मी अमरावतीला जाऊन येतो.”

अमरावतीच का, ते मला दुसऱ्या दिवशी गाडीत कळले. भाऊबीज आटोपून आम्ही भुसावळला गाडी धरली. १९६० साली, एकोणीस वर्षांचे असताना, मामा अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या उन्हाळी वर्गाला गेले होते. शिट्टी त्यांनी तेथून परतताना विकत घेतली होती.

या मंडळाची हकिकत ऐकण्यासारखी आहे. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला. गावोगावी असे आखाडे तेव्हा कितीतरी होते. वस्ताद असेपर्यंत आखाडा चालायचा आणि वस्तादाच्या पाठीमागे हौदातली माती सुकायची, हा सर्वांचा ठरलेला इतिहास. या आखाड्याचे तसे झाले नाही. मामांनी त्याचे कारण त्यांच्या पद्धतीने सांगितले.

“इतर तालमीत काय व्हायचं? वस्ताद एकच पठ्ठ्या तयार करायचा. खुराक त्याला, डाव त्याला, फड जिंकायचा त्यानं. बाकीचे टाळ्या वाजवायला. अमरावतीला उलटं. तिथं शंभर पोरं उंचीप्रमाणे रांगेत उभी करायची आणि एका शिट्टीवर सगळ्यांना हलवायचं. आणि जाताना सांगायचं, बाबांनो, इथं राहू नका. आपापल्या गावी जा आणि तिथं शिकवा.”

मला हे पटले. त्या मंडळाने पैलवानांपेक्षा शिक्षक अधिक घडविले. लाठी, लेझीम, मल्लखांब, कबड्डी, खो-खो शिकलेली मुले उन्हाळा संपताच आपल्या गावी परतत आणि तेथे एक नवी रांग उभी करत. हुतात्मा राजगुरूंनीही तेथे व्यायामाचे शिक्षण घेतले होते. आखाड्याची वाढ भिंतींनी होत नाही, ती अशी गावाला परतणाऱ्या माणसांनी होते.

हा सांघिक व्यायामाचा विचार एकट्या अमरावतीचा नव्हता. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात राजरत्न प्रोफेसर माणिकराव तोच घोष करीत होते. त्यांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे आमच्या खानदेशात, अमळनेरच्या खानदेश शिक्षण मंडळाच्या कामात आले. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. योगासने म्हणजे गुहेतल्या साधूचे काम, अशी समजूत असण्याच्या काळात त्यांनी ती प्रयोगशाळेत तपासली आणि शाळेतल्या मुलांना एका तालावर करता येतील अशी बांधून दिली. त्यांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक १९३६ सालचे. मुंबईत दादरला पु. ल. काळे गुरुजींनी १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर काढले. शिवाजी पार्कच्या कडेला ते आजही मुलांना मल्लखांबावर चढवीत आहे.

परदेशातही हे वारे होतेच. १८११ साली बर्लिनबाहेरच्या मैदानात फ्रीडरिश यान याने उघड्यावर व्यायामाचे आखाडे घातले. १८६२ साली प्राग येथे ‘सोकोल’ ही संघटना निघाली आणि पुढे तिच्या मेळाव्यांतून हजारो स्त्री-पुरुष एकाच वेळी कवायत करू लागले. परक्या सत्तेखाली दबलेल्या देशांना एका रांगेत ताठ उभे राहण्यातही एक मोठा धीर वाटत असे. आपल्याकडेही त्याहून वेगळे नव्हते.

मलकापूर मागे पडले, तसे मामा १९३६ सालावर आले. फैजपूरच्या माणसाला ते साल विसरून चालतच नाही. डिसेंबर महिन्यात, पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन आमच्या या गावी भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. धनाजी नाना चौधरींनी त्यासाठी जिवाचे रान केले. नंदलाल बसूंनी बांबू, चटया अशा साध्या सामानातून टिळकनगर सजवले आणि गांधीजी तेथे ग्रामोद्योगाच्या प्रदर्शनाला हजर होते. मामांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा पंचविशीचे. तालमीतली सारी पोरे स्वयंसेवक झाली. कोणी पाणी वाहिले, कोणी खड्डे खणले, कोणी रात्री पहारा केला. मुंबईत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले होते. तेथून धावपटूंनी हातोहात एक ज्योत फैजपूरला आणली. ती गावात शिरताना पाहिल्याचे आजोबा मरेपर्यंत सांगत. ध्वज चढताना मध्येच अडकला आणि शिरपूरचा एक तरुण सरसर खांब चढून गेला नि त्याने तो मोकळा केला, ही गोष्ट तर खानदेशात घरोघर सांगितली जाते. मल्लखांबावर हात बसलेल्या आमच्या आजोबांना त्या तरुणाचा हेवा वाटत असे. “मी दहा पावलांवर होतो,” असे ते म्हणत, आणि आजी म्हणे, “दर वर्षी एक पाऊल कमी होतं!”

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक भरले होते. ग्रीसमधल्या ऑलिंपियापासून मैदानापर्यंत धावपटूंनी ज्योत नेण्याची प्रथा त्याच खेळांपासून सुरू झाली. आणि त्याच बर्लिनला अमरावतीच्या मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली गेले आणि त्याने मल्लखांब, कबड्डीसारखे देशी प्रकार करून दाखविले. १९४९ साली स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या लिंगियाड मेळाव्यालाही मंडळाचे पथक गेले.

मी मामांना म्हणालो, “पण मामा, त्याच बर्लिनमध्ये हिटलर होता. त्याचीही माणसं एका शिट्टीवरच हलत होती की!”

मामांनी खिडकीबाहेर पाहिले. मग म्हणाले, “म्हणून तर शिट्टी वाजवणाऱ्यानं रांगेत उभं राहून स्वतः जोर काढायचे असतात. नुसती शिट्टी ज्याच्या हातात, त्याची भीतीच बाळगावी.”

शेगावला कचोरी आली. मामांनी मला साखरेची आठवण करून देऊन एकही खाऊ दिली नाही आणि स्वतः दोन खाल्ल्या. “मी सकाळी पन्नास बैठका काढल्या आहेत,” हे त्यांचे समर्थन!

बडनेऱ्याला उतरून आम्ही अमरावतीत पोचलो. एके काळच्या आखाड्याचा आज विशाल परिवार झाला आहे. शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे, अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, मैदाने आहेत. ‘ना नफा’ तत्त्वावर चालणारी संस्था एवढी वाढू शकते, हे माझ्या बँकेतल्या डोक्याला नवलाचे वाटले. खासगी दुकानात नफा मालकाच्या खिशात जातो. अशा मंडळात तो पुढच्या वर्गाच्या लाठ्यांत आणि चटयांत जातो. शिवाय शाळांतून शिक्षकांची मागणी वाढत गेली, हेही खरे. १९३७ साली मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळ आले, त्याने स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली शारीरिक शिक्षणाची समिती नेमली आणि १९३८ साली कांदिवलीला व्यायामशिक्षकांची सरकारी संस्था निघाली. तालमीतला व्यायाम शाळेच्या वेळापत्रकात गेला. त्याने मुलांचे भले झाले; पण गावोगावच्या तालमी मात्र हळूहळू ओस पडल्या. जे शाळेत मिळते त्यासाठी पहाटे पाचाला कोण उठणार?

मामा हे सारे पाहत होते, पण त्यांचे लक्ष भलतीकडेच होते. संध्याकाळची वेळ होती. दोरीच्या मल्लखांबावर दहा-बारा वर्षांच्या मुली चढत होत्या. एक मुलगी उलटी झाली, पायाच्या आढीत दोर धरला, हात सोडले आणि हसली. मामांनी मान वर करून एकेक मुलगी मोजली. मग नुसते “चल” म्हणाले.

परतीच्या गाडीत ते बोलले नाहीत. घरी पोचलो. मामींनी बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. जेवताना मामा एकदम म्हणाले, “तिथं पोरी मल्लखांब करतात. साठ सालीही स्त्रियांसाठी शिकवणं चालायचं म्हणे. मी परत आलो तेव्हा तेवढंच तेथे ठेवून आलो.”

मामींच्या हातात भाकरी होती. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, “लग्न होऊन आले, तेव्हापासून तालमीतल्या दिव्याचं तेल मी पाठवते. दर शनिवारी मारुतीला रुईची माळ मीच करते. आत काय आहे, ते आजपर्यंत पाहिलं नाही.”

ओसरीवरचे घड्याळ तेवढे ऐकू येत होते. मामांचा घास हातातच राहिला. तालमीचा नियम त्यांच्या वडिलांच्या वेळचा होता. मामांनी तो मोडला नव्हता एवढेच. आणि नुसता स्त्रियांपुरताच तो नव्हता. पलीकडल्या वस्तीतली पोरे दाराशी येऊन परत गेलेली मीही लहानपणी पाहिली होती. त्यांपैकी एकाशी माझी मैत्री होती. तो बाहेर उभा राहून आमचे जोर मोजत असे. मी कधी “आत ये” म्हटले नाही. साठ वर्षांचा झाल्यावर हे आठवून काय उपयोग, असे तुम्ही म्हणाल; पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

आठव्या दिवशी पंच पुन्हा जमले. मामा उभे राहिले. “जागा भाड्याने द्यायची की नाही ते तुम्ही ठरवा. पण पाच माणसं उरली, याला यंत्रं जबाबदार नाहीत. दार आम्ही बंद ठेवलं. मले उन्हाळ्यापर्यंत मुदत द्या. तोवर ज्याला यायचं त्याला येऊ द्या. बायका, पोरी, कुठल्याही गल्लीतलं कोणीही. फी नाही. ज्यानं त्यानं आपल्या पाळीला झाडलोट करायची. उन्हाळ्यात माणसं मोजा. कमी भरली तर मीच किल्ली आणून देतो.”

एका वृद्ध पंचाला हे मुळीच रुचले नाही. मारुती ब्रह्मचारी, त्याच्या पुढ्यात बायका कशा, असा त्यांचा प्रश्न होता. तो तरुण पंच म्हणाला, “काका, मारुतीच्या देवळात बायका रोज जातातच की!” काका उठून गेले आणि पुष्कळ दिवस मामांशी बोलले नाहीत. सत्तर वर्षांची मैत्री होती. मामांना ते फार लागले; पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

मी पुण्याला परतलो. पुढची हकिकत दूरध्वनीवरून कळत गेली. पहिल्या आठवड्यात मामी एकट्याच. त्यांना खाली बसता येईना, म्हणून मामांनी घरातली खुर्ची तालमीत नेली. खुर्चीत बसूनच हात वर, हात खाली. दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या दोघी आल्या, त्यांच्या खुर्च्या आल्या. संक्रांतीनंतर शाळेतल्या मुली मल्लखांबासाठी येऊ लागल्या. त्यांना शिकवायला मामांना चढणे शक्य नव्हते. पोलीसभरतीतल्या त्या दोन मुलांनी ते काम अंगावर घेतले. पत्र्याचे छप्पर कोणा एकाच्या देणगीने नव्हे, तर खुर्च्या घेऊन येणाऱ्या बायकांच्या घरांतून जमलेल्या पैशांनी दुरुस्त झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात मोजणी झाली, तेव्हा सकाळ-संध्याकाळ मिळून एक्केचाळीस माणसे भरली. भाडेकरूला नकार गेला.

लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली तेरा माणसे एका शनिवारी सकाळी पाच किलोमीटर धावली. फी नाही, वेळ नोंदवायला स्वयंसेवक. आज ‘पार्करन’ या नावाने तो प्रकार कितीतरी देशांत चालतो. हे मी मामांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “तेरा होते? मग बरी सुरुवात होती त्यांची!”

आता माझ्याविषयी. मामांच्या जोरावर मीही आमच्या इमारतीच्या गच्चीवर पहाटेचा वर्ग काढला. पहिल्या दिवशी सतरा जण आले, पंधरवड्याने चार उरले. मी खिन्न होऊन फैजपूरला फोन लावला. फोन मामींनी उचलला. मामा तालमीत होते. मी माझे रडगाणे गायले. मामींनी ते ऐकून घेतले आणि विचारले,

“तुमच्या इमारतीत धुणंभांडी करायला येतात त्या बायका किती?”

“असतील नऊ-दहा.”

“त्यांना विचारलंस?”

मी विचारले नव्हते. ही हकिकत लिहून झाल्यावर आज विचारणार आहे. साखरेचा आकडा थोडा उतरला आहे, हे जाता जाता सांगतो. आणि फराळाचे ताट पुढे आले आहे, तेव्हा पुरे करतो. उद्या पाचाला उठायचे आहे.